आखाती उन्हाळ्यात जुनी एमएक्स-५ थंड ठेवायची तर: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

दुबई, शारजा, अबू धाबीत राहणारे आपले बरेच लोक पहिली स्पोर्ट्स कार म्हणून जुनी माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाटा, घेतात. गाडी हलकी, सुटे भाग मिळतात, कामही घरी करता येतं. हिवाळ्यात घेतलेली ही गाडी जूनमध्ये शेख झायेद रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये तापायला लागते, आणि जो भेटेल तो एकच सल्ला देतो: मोठा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर टाका.

पहिला खर्च त्यावर करू नका. कारखान्यातून निघालेल्या साध्या, टर्बो नसलेल्या एमएक्स-५ला रोजच्या वापरासाठी मूळ मापाचा रेडिएटर पुरतो. पण हवा, पाणी आणि दाब या तिन्ही गोष्टी नव्या गाडीसारख्या हव्यात. वीस-तीस वर्षांच्या गाडीत त्यातली एखादी तरी बिघडलेली असतेच. खालच्या पायऱ्या स्वस्तापासून महागाकडे जातात. क्रम मोडू नका.

हे सगळं पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहे: १९८९ ते १९९७ची एनए आणि १९९८ ते २००५ची एनबी, १.६ आणि १.८ लिटर इंजिनं.

आधी एवढं जमवा

- ५ लिटर अ‍ॅल्युमिनियम इंजिनाला चालणारं, पाणी न मिसळलेलं इथिलीन ग्लायकोल कूलंट आणि २० लिटर डिस्टिल्ड वॉटर
- नवी रेडिएटर कॅप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) आणि त्याचं गॅस्केट
- वरचा आणि खालचा रेडिएटर होज (रबरी नळी), हीटरचे दोन होज, नव्या क्लिपा
- कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर (गॅरेजकडून तासाभरासाठी मिळाला तरी चालेल)
- रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचं प्रमाण मोजणारं उपकरण), इन्फ्रारेड थर्मामीटर, रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारं फनेल
- जॅक आणि दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका.
- बंद छिद्रांच्या फोमची पट्टी, १० ते २५ मिलिमीटर जाडीची

सुटे भाग मागवताना मुल्कियावरचा (गाडीच्या नोंदणी कार्डावरचा) चासी नंबर जवळ ठेवा. १.६ आणि १.८चे काही भाग वेगळे आहेत, आणि "नव्वदची मियाटा" एवढ्यावर दुकानदार अंदाजाने काहीही देतो. आधीच्या मालकाकडून सर्व्हिसच्या पावत्याही मागून घ्या. वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला हे त्यातच सापडतं.

१. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका

हा काटा बाराच्या थोडा अलीकडे उभा राहतो आणि तिथेच राहतो. एनबीत तर तो मुद्दाम असा बनवलाय की मधल्या मोठ्या पट्ट्यात तापमान वरखाली झालं तरी जागचा हलत नाही. तो वर चढताना दिसतो तोवर उशीर झालेला असतो.

गाडीत ओबीडी-२ पोर्ट (संगणकाची माहिती वाचायचं सॉकेट) असेल तर साधा ब्लूटूथ रीडर लावून फोनवर कूलंटचं तापमान बघा. नसेल तर वेगळा सेन्सर आणि मीटर बसवा. त्यावर केलेला खर्च पुढच्या प्रत्येक पायरीला कामी येतो, कारण आकडा दिसल्याशिवाय काय सुधारलं तेच कळत नाही.

हे आकडे लक्षात ठेवा: हायवेवर ८५ ते ९५ अंश ठीक. सिग्नलला ९७-१०० पर्यंत जाऊन पंखा लागल्यावर खाली येणं, हेही ठीक. १०५ला कारण शोधायला लागा. ११०ला एसी बंद आणि पाय हलका. ११५ला गाडी बाजूला घ्या.

एक धोका इथेच सांगतो. कूलंट गळून सेन्सर उघडा पडला तर तो पाण्याऐवजी वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगतो. इंजिन जळत असताना आकडा अचानक खाली येऊ शकतो. तापलेल्या गाडीचा काटा विनाकारण पडला तर लगेच थांबा.

२. कधी तापते ते नोंदवा

निम्मं निदान यातच होतं.

सिग्नलला तापते, हायवेवर थंड होते: पंखे, त्यांच्या वायरी, किंवा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधला कचरा.

हायवेवर तापते, गावात ठीक राहते: रेडिएटर आतून चोंदलाय, खालचा प्लास्टिकचा ट्रे नाही, किंवा हवा रेडिएटरला वळसा घालून जातेय.

कुठेही, कधीही तापते आणि कूलंट कमी होतं: गळती किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील). अशा गाडीवर नवा रेडिएटर म्हणजे वाया गेलेले पैसे.

३. पूर्ण गार गाडीवर तपासणी

रात्रभर उभी असलेल्या गाडीवरच हे करा. गरम रेडिएटरची कॅप उघडली तर शंभर अंशांवरचं पाणी दाब सुटताक्षणी उकळून अंगावर येतं. तोंड आणि हात भाजतात.

मूळ रेडिएटरची वरची टाकी काळ्या प्लास्टिकची आहे. ती हिरवट-तपकिरी झाली असेल तर तिचं आयुष्य संपलं. आज गळत नसली तरी या उन्हाळ्यात फुटेल. अशा वेळी रेडिएटर बदला, पण तोही मूळ मापाचा चालतो.

कॅपचा रबर कडक किंवा चिरलेला असेल तर बदला. खरं तर गाडी हातात आली की कॅप बदलूनच टाका, इतकी ती स्वस्त आहे. दाब का महत्त्वाचा, ते बघा. निम्मं ग्लायकोल आणि निम्मं पाणी उघड्यावर साधारण १०८ अंशांना उकळतं, तर १.१ बारच्या कॅपखाली तेच मिश्रण १३० अंशांच्या आसपास तग धरतं. कॅप मेली की ही वीस-बावीस अंशांची ढाल गेली. मूळ कॅपवर जो आकडा छापलाय तोच घ्या. जास्त दाबाची कॅप टाकली तर जुनी टाकी आणि हीटरचा गाभा (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) आधी फुटतो.

ओव्हरफ्लो बाटलीतली नळी बुडापर्यंत पोचलेली हवी. इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत ओढून घेतं. नळी वर लटकत असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते, आणि रोज थोडी थोडी हवा आत साठत जाते.

होज दाबून बघा. क्लिपेजवळ फुगलेला, स्पंजासारखा मऊ किंवा कडकडणारा होज बदला. हीटरचे फायरवॉलकडचे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडचे) होज आणि इंटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेले छोटे होज सगळेच विसरतात, आणि वाळवंटातल्या रस्त्यावर नेमके तेच जातात.

मग प्रेशर टेस्टर लावून कॅपवरच्या आकड्याएवढा दाब द्या आणि १५ मिनिटं थांबा. काटा पडला तर गळती आहे. बाहेर थेंब दिसत नसेल तर पुढच्या सीटपुढचा गालिचा चाचपा. तो ओला आणि चिकट लागला तर हीटरचा गाभा गळतोय. तोही कोरडा असेल तर हेड गॅस्केटची रासायनिक चाचणी करून घ्या: रेडिएटरच्या तोंडावरच्या नळीतलं निळं द्रव पिवळं झालं, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय.

वॉटर पंपाबद्दल एक गैरसमज दिसतो. या इंजिनात पंप टायमिंग कव्हरच्या मागे बसतो, म्हणून तो बदलायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो. पण त्याला फिरवतो तो बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट. तो ढिला असेल तर पंप घसरत फिरतो. सुरू करताना किंचाळणारा बेल्ट आधी ताणा किंवा बदला. टायमिंग बेल्ट ९६,००० किलोमीटरला बदलायचा असतो, तेव्हाच पंपही बदलून घ्या. मजुरी एकदाच पडते.

४. हवेचा रस्ता: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम

हवा आळशी असते. रेडिएटरच्या दाट जाळीतून जाण्यापेक्षा कडेने निसटणं तिला सोपं, म्हणून ती कडेनेच निसटते. तुमचं काम इतकंच: बंपरच्या तोंडातून आत आलेल्या हवेला रेडिएटरशिवाय दुसरी वाट ठेवायची नाही.

पुढे वाकून बंपरच्या तोंडात टॉर्च मारा. कंडेन्सरच्या कडांना, वर आणि खाली कुठे फटी दिसतात ते बघा. हाताची बोटं जातील अशी प्रत्येक फट फोमने बुजवा. मोठ्या जागेत पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून रिव्हेट करा.

मग गाडीखाली बघा. नाकाखाली बंपरपासून मागे जाणारा प्लास्टिकचा ट्रे असतो. जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा गायब, कारण ऑइल बदलताना काढलेला परत लावायचा कंटाळा. हा ट्रे फक्त चिखल अडवत नाही. वेगात गाडीखालची हवा इंजिनच्या पोकळीत घुसू न देण्याचं काम तो करतो. तो नसेल तर रेडिएटरच्या मागे दाब वाढतो, पुढचा-मागचा फरक कमी होतो आणि जाळीतून हवा खेचलीच जात नाही. हायवेवर तापणाऱ्या कित्येक गाड्या फक्त ट्रे लावून बऱ्या होतात. मूळ ट्रे मिळत नसेल तर २ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्या. "गरम हवा निघून जाईल" म्हणून त्याला भोकं पाडू नका.

बोनेटच्या मागच्या कडेला वॉशर लावून ती उचलायची पद्धतही टाळा. दिसायला ती शहाणपणाची वाटते, पण काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब जास्त असतो. तिथून गरम हवा बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचीच हवा आत येते. बोनेटला जाळ्या पाडायच्या तर त्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे हव्यात, आणि पत्रा कापण्याआधी वार्षिक तपासणीत असा बदल चालेल का ते विचारून घ्या.

आता सफाई. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वाळू, किडे आणि खजुराच्या झाडांचे तंतू मिळून गोधडी तयार होते. पुढून बघितलं तर काहीच दिसत नाही. रेडिएटर वरच्या ब्रॅकेटमधून सोडवून थोडा मागे कलवा आणि बागेच्या साध्या नळीने इंजिनच्या बाजूकडून पुढे पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, त्याने पाती आडवी होतात. वाकलेली पाती प्लास्टिकच्या कंगव्याने सरळ करा. पुढची नंबर प्लेट तोंडाच्या मधोमध असेल तर ती कडेला सरकवता येते का तेही बघा.

५. पंखे

दोन पंखे आहेत: एक इंजिनसाठी, एक एसीच्या कंडेन्सरसाठी. एसी लावला की पंख्यांचा आवाज आला पाहिजे. एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू ठेवली तर साधारण ९७ अंशांना मुख्य पंखा लागतो.

एनएमध्ये सोपी युक्ती आहे. इंजिनच्या पोकळीत डावीकडे "डायग्नॉसिस" लिहिलेली छोटी डबी असते. तिचं झाकण उघडून आतल्या आकृतीत टीएफए आणि जीएनडी शोधा, किल्ली चालू करा आणि त्या दोन टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर मोटर आणि रिले ठीक आहेत, दोष थर्मोस्विचचा (तापमानानुसार पंखा लावणाऱ्या स्विचचा) किंवा त्याच्या वायरीचा. नाही फिरला तर मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊन बघा.

पंखा फिरतोय म्हणजे उलटा फिरत नसेल असं नाही. बाजारातला पंखा लावताना वायरी उलट जोडल्या की तो हवा पुढे ढकलतो. ए-४चा कागद कंडेन्सरसमोर धरा. तो चिकटून बसला पाहिजे.

६. फ्लश आणि नवं कूलंट

संपूर्ण सिस्टिम ६ लिटरची आहे. रेडिएटरच्या तळाचा प्लास्टिकचा स्क्रू उघडला की त्यातलं काहीच निघतं, बाकी ब्लॉकमध्ये राहतं. म्हणून एका फेरीत काम होत नाही.

जुनं सोडा, डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, परत सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे तीन-चार वेळा करा. जुनं कूलंट नाल्यात किंवा वाळूत ओतू नका. ते गोड लागतं आणि मांजरं-कुत्री ते पिऊन मरतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

आता सगळे चुकतात ती गोष्ट. शेवटच्या फेरीनंतर ब्लॉकमध्ये साधं पाणी उरलेलं असतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर प्रमाण पातळ होतं. त्याऐवजी आधी हिशेबाचं शुद्ध कूलंट ओता, मग उरलेली जागा पाण्याने भरा.

प्रमाण किती? ग्लायकोलपेक्षा पाणी जास्त उष्णता वाहून नेतं, आणि आखातात गोठण्याची भीती नाही. पण गंजरोधक ग्लायकोलबरोबरच येतात आणि उकळबिंदूही त्यानेच वाढतो. ४० टक्के हा चांगला मध्य आहे, म्हणजे ६ लिटरला २.४ लिटर कूलंट. दोन दिवस गाडी चालवून रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. गोठणबिंदू उणे २४च्या आसपास दिसला तर प्रमाण बरोबर आहे. नळाचं पाणी नको. त्यातले क्षार नळ्यांमध्ये थर धरतात.

गळती बंद करणारी पावडर किंवा बाटली ओतू नका. ती होजची गळती थांबवत नाही, पण हीटरच्या बारीक नळ्या मात्र बंद करते.

थर्मोस्टॅट याच वेळी बदला. मूळचा ८८ अंशांच्या आसपास उघडतो, ८२चाही मिळतो. ८२ने गाडी थंड होते असं नाही. तो लवकर उघडतो इतकंच, आणि कमी पडणारा रेडिएटर कमीच पडतो. बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथून हवा निघते. बोल्ट हलक्या हाताने आवळा, अ‍ॅल्युमिनियममधल्या आट्या पटकन जातात. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला काही मेकॅनिक देतात. तो ऐकू नका. इंजिन हायवेवर गार पडून मिश्रण जास्त जाळत राहतं, आणि मूळ दोष तसाच.

७. हवा काढणं

नवं कूलंट भरल्यावर पहिल्याच दिवशी तापणाऱ्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा हवाच अडकलेली असते.

गाडीचं नाक उंच करा, उतारावर किंवा स्टँडवर. कॅप काढून फनेल लावा आणि त्यात थोडं कूलंट ठेवा. हीटर पूर्ण गरमवर. इंजिन सुरू करून १५-२० मिनिटं चालू द्या, मधूनमधून २,००० ते २,५०० आरपीएमवर न्या, आणि वरचा-खालचा होज हाताने दाबत राहा (हातमोजे घाला, आणि बेल्टपासून हात लांब). फनेलमध्ये बुडबुडे येतील. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून एकसारखी गरम हवा आली म्हणजे काम झालं. गार झाल्यावर पातळी भरा, बाटलीही खुणेपर्यंत भरा, आणि पुढचे तीन दिवस रोज सकाळी बघा. बुडबुडे संपतच नसतील तर हेड गॅस्केटचा संशय धरा.

८. आता मोठा रेडिएटर आणि रीरूट

वरचं सगळं करूनही ट्रॅकवर किंवा टर्बो लावल्यावर आकडा चढत असेल, तर पैसे खर्च करायची वेळ आली.

अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर ३७ आणि ५५ मिलिमीटर जाडीचे मिळतात. जाड म्हणजे चांगला असं समजू नका. ५५च्या जाळीतून हवा ओढायला जोरदार पंखे आणि पूर्ण झाकणारी श्राउड (पंख्यांभोवतीचं आवरण) लागते, नाहीतर सिग्नलला तो मूळच्यापेक्षा वाईट वागतो. रस्त्यावरच्या गाडीला ३७ पुरे.

रीरूट, म्हणजे इंजिनातल्या कूलंटची वाट बदलणं, समजून घेण्यासारखा आहे. हे इंजिन मुळात माझदा ३२३सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी, आडवं बसवायला बनलं. तिथे पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५त ते उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणावा लागला, त्यामुळे पाणी पुढून शिरतं आणि बरंचसं पुढूनच निघतं. मागच्या चौथ्या सिलिंडरजवळचा प्रवाह मुख्यतः हीटरच्या वाटेवर अवलंबून राहतो. माझदाने २००१पासूनच्या इंजिनांत हेड गॅस्केटची भोकं बदलून हे बरंच सुधारलं. रीरूट किटमध्ये थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला जातो आणि पाणी सगळ्या सिलिंडरांवरून वाहतं. टर्बो किंवा नियमित ट्रॅक असेल तर जरूर करा. ऑफिसला जायच्या गाडीला गरज नाही. हीटरचा होज बायपास करून टाकण्याची चूक मात्र कोणीच करू नये, आता कारण कळलंच.

९. डोंगर आणि ट्रॅक

जबल हफीत किंवा जबल जैसचा चढ ही खरी परीक्षा: भार जास्त, वेग कमी, म्हणजे हवा कमी. खालच्या गिअरमध्ये ३,५०० ते ४,५००वर ठेवा. वरच्या गिअरमध्ये रेटली तर पंप हळू फिरतो.

एनएच्या अनेक मालकांनी इग्निशनचं बेस टायमिंग १०वरून १४ अंशांवर नेलेलं असतं. हिवाळ्यात गाडी चपळ वाटते, पण ४५ अंशांत तीच गाडी नॉक करते (पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके पडतात) आणि उष्णता वाढवते. उन्हाळ्यात ते परत १० अंशांवर आणा. पेट्रोल सुपर ९८ घाला, निदान स्पेशल ९५. स्वस्तातलं ९१ नको.

ऑइल १०डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक. दुबई ऑटोड्रोमसारख्या ट्रॅकवर उन्हाळ्यात जायचं तर संध्याकाळचं सत्र घ्या, तीन-चार वेगवान लॅपनंतर एक लॅप ३,०००च्या आत चालवा, आणि पिटमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं पंखा लावून चालू ठेवा. ग्लायकोल सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो, म्हणून काही ठिकाणी फक्त पाणी चालतं. नोंदणी करतानाच विचारा. नुसतं पाणी १.१ बारखाली साधारण १२१ अंशांनाच उकळतं हे ध्यानात ठेवा, त्यात गंजरोधक घाला आणि घरी आल्यावर परत कूलंट भरा.

१०. रस्त्यात तापलीच तर

वाफ नाही, नुसता आकडा चढतोय: एसी बंद. हीटर पूर्ण गरम, पंखा पूर्ण जोरात, टप उघडा. मे महिन्यात अकोल्यात-नागपुरात वाढलेल्यालाही हा वारा सोसवत नाही, पण इंजिनला तो दुसरा छोटा रेडिएटर मिळाल्यासारखा असतो. सुरक्षित जागी थांबून इंजिन १,५०० आरपीएमवर ठेवा. दोन-तीन मिनिटांत आकडा उतरला तर हळू पुढे जा.

वाफ दिसली, गोड वास आला किंवा काटा अचानक पडला: ताबडतोब इंजिन बंद. पाणी नसलेलं इंजिन एक किलोमीटर चालवण्याची किंमत नव्या हेडएवढी असते. पाऊण तास तरी कॅपला हात लावू नका. बोनेट उघडा, वाफ ओसरू द्या. हाताला होज सोसवेल इतका गार झाला की जाड फडकं धरून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. गरम इंजिनात थंडगार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

डिकीत ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, दोन सुट्या क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, सिलिकॉनची स्वतःलाच चिकटणारी टेप आणि प्यायचं पाणी वेगळं ठेवा. फुटलेला होज कोरडा पुसून त्यावर टेप ताणून चार-पाच वेढे द्या, पाणी भरा आणि कॅप पहिल्या खाचेपर्यंतच लावा. दाब कमी राहतो आणि जवळच्या पंपापर्यंत पोचता येतं. तिथून पुढे मात्र रिकव्हरीची गाडी बोलवा.